बालमधुमेह घरोघरी : लेखांक 5 – पोळीचे वजन, मोदकाचा हिशेब

मागच्या लेखात दोन इन्सुलिनांची कामे पाहिली. दिवसभर शरीराला पुरणारे संथ इन्सुलिन आणि जेवणाबरोबरचे झटपट इन्सुलिन. आज ताटाकडे वळू. टाइप वन झालेल्या मुलाला ‘पथ्यावर’ ठेवायची घरच्यांची घाई मला सर्वांत जास्त टोचते. भात बंद, बटाटा बंद, पंगतीत वेगळे पान. या मुलाच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन येत नाही, म्हणून ते बाहेरून द्यायचे. वाढीच्या वयात पोटाला चिमटा काढण्याचे हे कारण नव्हे.

जेवणानंतरची साखर मुख्यतः कर्बोदकांनी चढते. म्हणून ताटातली कर्बोदके मोजायची आणि त्यानुसार डोस ठरवायचा. समजा, आठ वर्षांच्या मुलीला डॉक्टरांनी 20 ग्रॅम कर्बोदकांना 1 युनिट असे प्रमाण दिले आहे. दोन फुलके 28 ग्रॅम, अर्धी वाटी भात 18, वाटीभर वरण 14. झाले 60, म्हणजे 3 युनिट. जेवणाआधी साखर 220 असेल, लक्ष्य 120 असेल आणि तिची साखर 1 युनिटने 100 ने उतरत असेल, तर आणखी 1. असे एकूण 4. हे आकडे फक्त उदाहरणाचे. प्रत्येक मुलाचे प्रमाण वेगळे असते, सकाळ-संध्याकाळही ते बदलू शकते आणि ते डॉक्टरच ठरवतात. हे इन्सुलिन साधारणपणे जेवणाआधी 10-15 मिनिटे द्यायचे. साखर 70 च्या खाली असेल, तर आधी ग्लुकोज किंवा साखरेचे पाणी, मग बाकीचे सगळे.

घोटाळा होतो तो पोळीपाशी. 20 ग्रॅम पिठाचा फुलका म्हणजे साधारण 14 ग्रॅम कर्बोदके. आजीची 35 ग्रॅम पिठाची घडीची पोळी म्हणजे सुमारे 24. वहीत दोन्हीकडे ‘पोळी 2’ एवढेच लिहिले, तर 20 ग्रॅमचा फरक पडतो आणि आमच्या या मुलीच्या हिशेबात एक अख्खे युनिट चुकते. मग “कालच्याच डोसवर आज साखर का चढली?” असा प्रश्न पडतो.

सणाचेही तसेच. उकडीच्या 21 मोदकांना 200 ग्रॅम तांदळाची पिठी आणि 200 ग्रॅम गूळ घेतला, तर नारळ धरून साधारण 340 ग्रॅम कर्बोदके होतात. एका मोदकात 16, म्हणजे फुलक्याहून थोडी जास्त. मोदक खाऊ द्या, फक्त तो हिशेबात धरा. उपासाला मात्र जपा. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात 85 हून अधिक ग्रॅम.

“खाऊ नकोस” हे सारखे ऐकणारे मूल पुढे चोरून खायला लागते. न सांगता खाल्लेल्या बिस्किटाला इन्सुलिन मिळत नाही आणि वाढलेल्या साखरेचे कारण कुणालाच कळत नाही. मुलाने खरे सांगितले तर त्याला रागावू नका. खाल्ले ते लिहा आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे डोस द्या.

या आठवड्यात स्वयंपाकघरात एक डिजिटल वजनकाटा आणा. घरच्या पोळीचे पीठ आणि नेहमीच्या वाटीतला भात मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढच्या लेखात ताप-उलटीच्या दिवसांबद्दल बोलू. तोवर एवढे पक्के लक्षात ठेवा : मूल जेवले नाही तरी संथ इन्सुलिन स्वतःहून बंद करायचे नाही, डॉक्टरांना फोन करायचा.