आज पाणी किती फुटांवर?

जुलै लागला की कोल्हापुरात शेजारणी एकमेकींना भाजीच्या भावाआधी विचारतात, "आज किती फूट झालं हो?" हे फूट म्हणजे पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळची पाणीपातळी. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. पेपरात रोज येणारा हा आकडा वाचून आपण पान उलटतो. पण मैत्रिणींनो, घरातलं काय उचलायचं आणि कधी, हे शेवटी आपल्यालाच बघावं लागतं. तेव्हा तो आकडा काय सांगतो, हे समजून घेतलेलं बरं.

पट्टी आणि बाटली

नदीची पातळी मोजायची साधी रीत म्हणजे काठाशी किंवा बंधाऱ्याला पक्की बसवलेली, खुणा केलेली पट्टी. पाणी जिथे टेकतं तो आकडा वाचायचा. ४३ फूट म्हणजे आपल्या गल्लीत ४३ फूट पाणी नव्हे, हे तर उघडच आहे. तो त्या एका जागेचा आकडा.

पाऊस मोजायच्या साध्या यंत्रात वर नरसाळं आणि आत बाटली असते. रोज सकाळी साडेआठला साठलेलं पाणी मापाच्या नळीत ओतून बघतात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की सरकारदरबारी ती अतिवृष्टी. आपल्या दहा बाय दहा फुटांच्या गच्चीवर एवढा पाऊस पडला, तर पाणी होतं सुमारे ६०० लिटर, म्हणजे मोठी तीन पिंपं!

ऊन पडलं तरी पाणी चढतं

शहरात उघडीप असते, वाळवणं गच्चीवर जातात आणि तरी नदी चढत असते. कारण पंचगंगेचं पाणी येतं पश्चिमेच्या डोंगरांतून. कुंभी गगनबावड्याकडून येते, भोगावती राधानगरीकडून. कासारी, तुळशीही येऊन मिळतात. राधानगरी धरण भरलं की त्याचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. म्हणून आपल्या अंगणातल्या पावसापेक्षा गगनबावडा आणि राधानगरीचा पाऊस आधी वाचावा.

आणखी एक गोष्ट. नदी पात्रात असते तोवर पाणी उंच चढतं. पात्राबाहेर पडली की ते आडवं पसरतं. त्यामुळे पुढे पातळी इंचाइंचानं वाढताना दिसली तरी निर्धास्त होऊ नये, त्या एका इंचात कितीतरी शेतं आणि गल्ल्या येतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पातळी ५५ फुटांच्या वर गेली, ते कुणी विसरलेलं नाही.

घरी करून बघा

सरळ उभ्या कडांचा, सपाट बुडाचा डबा घ्या. डालड्याचा जुना डबाही चालेल. वर रुंद आणि खाली निमुळतं भांडं मात्र नको. भिंत किंवा झाड जितकं उंच, त्याच्या दुप्पट अंतरावर डबा मोकळ्यावर ठेवा. रोज साडेआठला पाण्यात फूटपट्टी उभी धरून मिलिमीटर वाचा, वहीत लिहा आणि डबा रिकामा करा. शाळेत आमच्या मुली हे हौसेनं करतात. वही भरत गेली की पेपरातले आकडे परके वाटत नाहीत.

आपल्या घराचा आकडा

सर्वांत महत्त्वाचं हे. आपल्या गल्लीत पाणी कितव्या फुटाला शिरतं, ते जुन्या रहिवाशांना विचारा आणि कपाटाच्या दाराला आतून लिहून ठेवा. सुतारवाड्याचा आकडा वेगळा, शाहूपुरीचा वेगळा. ३९ फूट झालं की रेशनकार्ड, दाखले, औषधं, मुलांची पुस्तकं एका पिशवीत घालावीत. धान्य माळ्यावर चढवावं. घर सोडताना गॅसचा रेग्युलेटर आणि विजेचा मेन स्विच बंद करायला विसरू नये. स्थलांतराची सूचना आली, की मग "बघू अजून तासभर" म्हणत थांबायचं नाही. घरात म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल असेल तर सूचनेचीही वाट बघू नये. उजेड असताना निघालेलं केव्हाही सोपं. रात्री, कमरेएवढ्या पाण्यात सासूबाईंचा हात धरून निघणं फार अवघड जातं.