बेस कुठे गेला?

मोकळ्या मैदानावर गाण्यांचा कार्यक्रम असला की साउंडवाल्यांची खरी तपासणी खुर्च्या लागण्याआधी, भर उन्हात होते. मंचाच्या दोन्ही बाजूंना, चाळीस फुटांच्या अंतरावर बेसचे डबे रचलेले असतात. दोन्हीकडे ६० हर्ट्‌झचा एकच सूर सोडतात आणि एकजण मैदानात आडवा चालू लागतो. मीही अशा चालणाऱ्याच्या मागे मागे फिरलो आहे.

मंचापासून साठेक फुटांवर, बरोबर मध्ये उभं राहिलं की बेस छातीत घुमतो. बाजूला सरकलं की तो विरत जातो आणि पंधरा फुटांवर जवळजवळ नाहीसाच होतो. तिथूनच हात वर करून खूण करायची: उजवा बंद! उजवीकडचे डबे गप्प होतात आणि बेस परत येतो. कारण कळल्यावरही दरवेळी गंमत वाटतेच. ६० हर्ट्‌झच्या लाटेची लांबी साधारण १९ फूट. त्या जागेपासून एका बाजूचे डबे दुसऱ्यापेक्षा साडेनऊ फूट, म्हणजे अर्धी लाट दूर पडतात. एकीकडून हवा दाबली जाते त्याच क्षणी दुसरीकडून ती विरळ होते आणि दोन्ही लाटा एकमेकींना खोडतात. ऊर्जा मात्र कुठेच हरवत नाही. मधल्या रेषेवरचा बेस उगाच इतका जोरकस नसतो.

८० हर्ट्‌झला हा खड्डा दुसरीकडे पडतो. बंद सभागृहात भिंतींवरून परतणारा आवाज असे खड्डे थोडेफार बुजवतो. मैदानात ती सोय नाही. आणि मधोमधच बेस गायब असेल, तर आधी वायर बघायची. एका बाजूची प्लस-मायनस उलटी जोडलेली निघते.

सरळ उपाय म्हणजे सगळे डबे मंचापुढे मध्यभागी एकत्र ठेवायचे. पण तिथे पाहुण्यांच्या फोटोंचा फ्लेक्स असतो. तो झाकण्यापेक्षा प्रेक्षकांचा बेस गेलेला आयोजकांना चालतो!

जाणकार हेच खोडणं कामाला लावतात. तीन डब्यांतला एक मागे तोंड करून ठेवायचा, त्याची पोलॅरिटी उलटी करायची आणि काही मिलिसेकंदांचा डिले द्यायचा. मंचाकडे जाणारा बेस मरतो, गायकाचा माइक घुमत नाही. फक्त त्या जादा डब्याचं भाडं मागताना पंचाईत होते: आवाज कमी करायचे पैसे कसले?