पुस्तके जाळणारे बंबवाले

आगीचा बंब आपण पाहिला असेल. आता अशी कल्पना करा, की त्याच्या नळीतून पाण्याऐवजी रॉकेल उडते आहे आणि बंबवाले घर वाचवायला नव्हे, तर घरात दडवलेली पुस्तके जाळायला धावत आहेत! रे ब्रॅडबरी या अमेरिकन लेखकाची १९५३ सालची 'फॅरनहाइट ४५१' ही कादंबरी अशा एका भावी जगाची आहे. कागद पेट घेतो ते उष्णतामान म्हणून त्याने हा आकडा घेतला.

तुम्ही म्हणाल, एखाद्या जुलमी राजाचा हुकूम असेल. तसे नाही, बरे का. बंबवाल्यांचा नायकच माँटॅग या आपल्या हाताखालच्या माणसाला सांगतो, की सुरुवात सरकारने केली नाही. लोकांनाच वाचायला सवड उरली नाही. ग्रंथाचा सारांश झाला, सारांशाच्या दोन ओळी झाल्या. शिवाय प्रत्येक पुस्तकात कुणाला तरी खुपणारे काहीतरी असतेच. ते काढत काढत पुस्तकच निघाले. माँटॅगची बायको तर भिंतीएवढ्या पडद्यावरच्या माणसांनाच आपले कुटुंब मानते. म्हणजे वाचणारे आधी गेले, जाळणारे मागून आले. मला या कादंबरीतले हेच खरे भय वाटते.

जॉर्ज ऑर्वेलच्या १९४९ मधल्या 'नाइन्टीन एटी-फोर'मध्ये तऱ्हा निराळी. तिथे विन्स्टन स्मिथ नावाचा कारकून जुनी वर्तमानपत्रे 'दुरुस्त' करतो. सरकारचे भाकीत चुकले, की जुन्या अंकातले भाकीतच बदलायचे, मूळ अंक भट्टीत टाकायचा आणि नवा दप्तरात लावायचा. गावात बांधाचा तंटा निघाला की आपण जुने दप्तर काढतो, ते कशासाठी? माणसे बोललेले फिरवतात, कागद फिरवत नाही. तो कागदच फिरवता आला, तर सत्तेला खोटे कोण पाडणार?

ब्रॅडबरीपाशी कॉलेजला जायला पैसे नव्हते. तो सार्वजनिक ग्रंथालयांत शिकला. या कथेचा पहिला खर्डाही त्याने लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात, ग्रंथालयाच्या तळघरात लिहिला. तिथे टंकलेखनयंत्र अर्ध्या तासाला १० सेंट भाड्याने मिळे. एकंदर खर्च ९ डॉलर ८० सेंट!

कादंबरीच्या शेवटी माँटॅग पळून जातो. जुन्या रुळांच्या कडेला त्याला भटकी माणसे भेटतात. त्यांतल्या प्रत्येकाने एखादे पुस्तक, निदान त्याचा काही भाग, मुखोद्गत केलेला असतो. इंद्रायणीत बुडवलेले अभंग लोकांच्या तोंडी राहिले, ही कथा ऐकत वाढलेल्या आपल्याला यात नवल वाटणार नाही.

शिक्षकबंधूंना एक गोष्ट सांगायची राहिली. १९६७ पासून प्रकाशकाने याच कादंबरीची शाळांसाठी एक आवृत्ती चालवली. तीत लेखकाला न विचारता काही शब्द गाळले होते, काही जागा बदलल्या होत्या. ब्रॅडबरीला हे कळायला १९७९ साल उजाडले. मग त्याने मूळ मजकूर जसाच्या तसा पुन्हा छापायला लावला.