ग्रामदैवत, कुलदैवत आणि इष्टदैवत : इंग्रजी फुटबॉलमधील पाठीराख्याच्या निष्ठेचे स्वरूप

साहित्याच्या तौलनिक अभ्यासात निष्ठेची संकल्पना बहुधा धर्म, राष्ट्र आणि भाषा यांच्या संदर्भात तपासली जाते. खेळाच्या संघावरील निष्ठेकडे त्या गांभीर्याने क्वचितच पाहिले जाते. वस्तुतः औद्योगिक इंग्लंडमध्ये माणसाचे गाव, वर्ग आणि कुटुंब यांच्याशी असलेले नाते ज्या थोड्या संस्थांमधून व्यक्त झाले, त्यांत फुटबॉल क्लबाची गणना करावी लागते. या नात्यासंबंधी तेथे एक वाद दीर्घकाळ चालू आहे. आपल्या गावाचा लहान संघ सोडून दूरच्या, यशस्वी आणि श्रीमंत क्लबाचा पाठीराखा होणे उचित की अनुचित, असा तो वाद होय. प्रस्तुत लेखात या वादामागील गृहीतके, त्याची आर्थिक बाजू आणि इंग्रजी कथनसाहित्यात उमटलेले त्याचे रूप यांचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

१. आरोप आणि सर्वनाम

अशा पाठीराख्यास इंग्लंडमध्ये ‘ग्लोरी हंटर’, म्हणजे यशाच्या मागे धावणारा, असे हिणवले जाते. उगवत्या सूर्याला नमस्कार करणारा, हा त्याचा मराठी पर्याय म्हणता येईल. या आरोपात दोन स्वतंत्र गोष्टी मिसळलेल्या असतात. पाठीराखा त्या गावचा नाही, ही पहिली. आणि त्याची निष्ठा विजयावर अवलंबून आहे, ही दुसरी. पहिली गोष्ट भूगोलाची, तर दुसरी शीलाची आहे. वादात मात्र पहिलीवरून दुसरी सिद्ध झाली असे धरून चालण्याची प्रवृत्ती दिसते.

हे गृहीतक तपासण्यास मानसशास्त्रातील एक प्रसिद्ध अभ्यास उपयोगी पडतो. रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांचे सहकारी यांनी १९७६ साली अमेरिकेतील विद्यापीठांमध्ये केलेल्या या अभ्यासात असे आढळले, की आपल्या विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकल्यानंतरच्या सोमवारी विद्यार्थी विद्यापीठाचे नाव वा चिन्ह असलेले कपडे अधिक प्रमाणात घालतात. तसेच जिंकलेल्या सामन्याविषयी बोलताना ‘आम्ही’ या अर्थाचे सर्वनाम अधिक वापरतात, हरलेल्या सामन्याविषयी कमी. (तेथील फुटबॉल हा निराळा खेळ आहे, परंतु त्याने प्रस्तुत मुद्द्यास बाध येत नाही.) येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की हे विद्यार्थी त्याच विद्यापीठाचे होते. दुसऱ्याच्या यशाच्या प्रकाशात ऊब घेण्याचा जो दोष बाहेरच्या पाठीराख्यास लावला जातो, तो घरच्या पाठीराख्यातही आढळतो.

इंग्रजीतील ‘वी’ या एका सर्वनामाची मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ अशी दोन रूपे होतात, हेही येथे अर्थपूर्ण आहे. ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळते, ‘आपण’ त्याला सामावून घेते. मँचेस्टरपासून दूर राहणारा माणूस युनायटेडच्या विजयानंतर ‘वी’ म्हणतो, तेव्हा त्याला ‘आपण’ अभिप्रेत असते. मँचेस्टरमध्ये वाढलेला पाठीराखा तोच शब्द ‘आम्ही’ या अर्थाने ऐकतो आणि त्यात परक्याची घुसखोरी पाहतो. इंग्रजी सर्वनामाच्या पोटात दडलेला हा भेद मराठीतून पाहिल्यावर उघड होतो.

२. निष्ठेचे तीन प्रकार

या भेदाचे वर्गीकरण करण्यासाठी आपल्या उपासनापरंपरेतील परिचित संज्ञा वापरता येतील. ग्रामदैवत स्थानाने मिळते. त्या गावात राहणाऱ्या प्रत्येकाचे त्याच्याशी नाते असते. कुलदैवत वंशाने मिळते आणि ते घरापासून दूर असू शकते. जेजुरी किंवा तुळजापूर यांपासून शेकडो कोसांवर राहणाऱ्या कुटुंबाची निष्ठा त्या अंतराने कमी झाली, असे कोणी मानत नाही. इष्टदैवत मात्र माणूस स्वतः निवडतो.

फुटबॉलमध्ये या तिन्ही प्रकारच्या निष्ठा आढळतात. गावच्या संघाला पाठिंबा देणे ही ग्रामदैवताची निष्ठा होय. नोकरीसाठी गाव सोडलेल्या माणसाचा नातू आजोबांच्या क्लबाला धरून राहतो, तेव्हा ती कुलदैवताची निष्ठा ठरते. एखादा खेळाडू, एखादा सामना किंवा एखादी कथा यांमुळे जडलेली निष्ठा इष्टदैवताची. ‘ग्लोरी हंटर’ हा आरोप वास्तविक यांपैकी कोणत्याही प्रकाराला लागू पडत नाही. तो नवसाला लागू पडतो. नवस बोलणाऱ्याचे नाते फळाशी असते आणि फळ न मिळाल्यास तो दुसऱ्या देवाकडे जाण्यास मोकळा असतो.

मँचेस्टर युनायटेडचे उदाहरण या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. ६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिच येथील विमान अपघातात २३ जण मरण पावले. त्यांत या क्लबाचे आठ खेळाडू होते. पुढे दहा वर्षांनी, १९६८ साली, क्लबाने युरोपियन कप जिंकला. विनाश आणि पुनरुत्थान यांची ही कथा इंग्लंडभर पोहोचली आणि मँचेस्टर न पाहिलेल्या अनेकांनी तो क्लब आपला मानला. त्यानंतर मात्र यशाने दीर्घकाळ पाठ फिरवली. १९६७ नंतर थेट १९९३ पर्यंत क्लबाला लीगचे अजिंक्यपद मिळाले नाही. १९७४ साली तर त्याची दुसऱ्या विभागात घसरण झाली. असे असूनही १९७४–७५ च्या हंगामात इंग्लंडमधील सर्वाधिक सरासरी प्रेक्षकसंख्या याच क्लबाच्या मैदानावर नोंदली गेली. केवळ विजयाने बांधलेला समुदाय दुसऱ्या विभागात मैदानावर टिकला नसता. त्याला बांधून ठेवणारी गोष्ट कथा होती.

३. बरी : ग्रामदैवताचा ऱ्हास

इतके म्हटल्यावर स्थानिक पाठीराख्याची तक्रार निराधार ठरते काय? तसे म्हणता येणार नाही. मँचेस्टरच्या उत्तरेस सुमारे १३ किलोमीटरवर असलेल्या बरी या गावाचा इतिहास त्या तक्रारीचे मर्म स्पष्ट करतो.

बरी फुटबॉल क्लबाची स्थापना १८८५ साली झाली आणि तेव्हापासून गिग लेन हेच त्याचे मैदान राहिले. क्लबाने १९०० आणि १९०३ साली एफ. ए. कप जिंकला, १९०३ च्या अंतिम सामन्यात त्याने डर्बी काउंटीचा सहा विरुद्ध शून्य असा पराभव केला. कापूस आणि कागद यांच्या गिरण्यांच्या या गावापासून मँचेस्टरचे दोन्ही मोठे क्लब सहज पोहोचण्याच्या अंतरावर आहेत. म्हणजे येथील मुलापुढे निवडीचा प्रश्न नेहमीच होता. तरीही शतकभर लहान संघ टिकून राहण्यास काही व्यवस्था कारणीभूत होत्या. लीग सामन्यांच्या तिकीटविक्रीचा काही वाटा पाहुण्या संघास देण्याची प्रथा होती. ती १९८३ साली बंद झाली आणि उत्पन्न यजमानाकडेच राहू लागले. १९९२ साली पहिल्या विभागातील २२ क्लब फुटबॉल लीगमधून बाहेर पडले आणि त्यांनी प्रीमियर लीग स्थापन केली. दूरचित्रवाणीच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्यामुळे वरच्या स्तरावरच राहिला. लहान क्लबांच्या रक्षणाचा एक नियम मात्र १९६० च्या दशकापासून चालत आला आहे. त्यानुसार शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत ब्रिटनमध्ये फुटबॉल सामन्याचे थेट प्रक्षेपण केले जात नाही. मोठ्या क्लबाचा सामना घरी दिसू लागला, तर गावच्या मैदानावर कोणी जाणार नाही, ही भीती त्यामागे आहे. शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारा जो सामना बरीच्या रहिवाशाला घरात थेट पाहता येत नाही, तो भारतातील प्रेक्षकाला घरबसल्या दिसू शकतो, हा या व्यवस्थेतील एक विरोधाभास होय.

मे २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीने एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात वॉटफर्डला सहा विरुद्ध शून्य असे हरवून बरीच्या ११६ वर्षांपूर्वीच्या विक्रमाशी बरोबरी केली. त्याच वर्षी २७ ऑगस्ट रोजी बरी क्लबाची फुटबॉल लीगमधून हकालपट्टी झाली. आदल्याच हंगामात संघ वरच्या विभागात चढला होता. परंतु कर्जे आणि मालकांचे आर्थिक व्यवहार यांमुळे क्लब आपली भरपाईची क्षमता सिद्ध करू शकला नाही. हा अंत पाठीराख्यांनी साथ सोडल्यामुळे झाला असे म्हणणे सत्यास धरून होणार नाही. उलट पाठीराख्यांनीच नवा क्लब उभा केला आणि २०२३ मध्ये बरी या नावाने गिग लेनवर पुन्हा खेळ सुरू झाला, लीगच्या बऱ्याच खालच्या पायरीवर. मुद्दा असा, की हजारो वैयक्तिक निवडींमधून मोठ्या क्लबांकडे वाहत गेलेला पैसा लहान क्लबाला अशा संकटात असहाय करतो. इष्टदैवत निवडणाऱ्याचा हेतू निर्मळ असला, तरी ग्रामदैवताच्या गाभाऱ्यातील दिवा त्यामुळे मंद होतो.

याच गिग लेनवर आणखी एक वेगळी कथा घडली. २००५ साली ग्लेझर कुटुंबाने कर्जाच्या आधारे मँचेस्टर युनायटेडचा ताबा घेतला, तेव्हा काही पाठीराख्यांनी तो क्लब सोडून एफ. सी. युनायटेड ऑफ मँचेस्टर हा सभासदांच्या मालकीचा क्लब स्थापन केला. २०१४ पर्यंत तो मुख्यतः बरीच्या मैदानावर खेळला. येथे निष्ठावंतांनी विजयी क्लबाकडे पाठ फिरवली, आणि तीही निष्ठेच्या नावाने.

४. कथनातील तीन पाठीराखे

जे. बी. प्रीस्टली यांच्या ‘द गुड कम्पॅनियन्स’ (१९२९) या कादंबरीच्या आरंभी ब्रडर्सफर्ड या कल्पित गावातील जेस ओक्रॉइड हा कामगार सामना पाहून घरी परततो. एका शिलिंगात त्याला मिळणारी गोष्ट खेळापुरती मर्यादित नसते. गिरणीच्या आठवड्यातून सुटून तो शेजाऱ्यांच्या एका निराळ्या समाजाचा घटक बनतो. हे ग्रामदैवताचे शुद्ध रूप होय. परंतु प्रीस्टली त्याला तेथे ठेवत नाहीत. ओक्रॉइड गाव सोडतो आणि अखेरीस कॅनडात मुलीकडे जातो. गाव आणि माणूस यांचे नाते तुटू शकते, हे कादंबरीला ठाऊक आहे.

बॅरी हाइन्स यांच्या ‘अ केस्ट्रेल फॉर अ नेव्ह’ (१९६८) मध्ये चित्र पालटते. यॉर्कशरमधील कोळसाखाणींच्या प्रदेशातील शाळेत खेळाचे शिक्षक सग्डन मुलांचा सामना लावतात. स्वतःच्या संघाला मँचेस्टर युनायटेड आणि स्वतःला बॉबी चार्ल्टन ठरवतात. दुसऱ्या बाजूची मुले स्पर्स हे नाव घेतात. त्या चिखलात खेळल्या जाणाऱ्या सामन्यात दोन्ही नावे बाहेरची आहेत. जवळपासच्या कोणत्याही संघाला तेथे स्थान नाही. गोल अडवू न शकलेल्या बिली कॅस्परला सग्डन थंड पाण्याच्या फवाऱ्याखाली उभे करतात. उसने घेतलेले वैभव येथे सत्तेचे साधन होते आणि पराभवाची किंमत सर्वांत दुबळ्याला मोजावी लागते. विजयलोलुपतेचे इतके कठोर चित्रण क्वचितच आढळेल.

निक हॉर्नबी यांचे ‘फीव्हर पिच’ (१९९२) हे आत्मकथन या दोहोंपेक्षा वेगळे आहे. लंडनच्या पश्चिमेकडील मेडनहेडमध्ये वाढलेला मुलगा आई-वडील विभक्त झाल्यावर १९६८ साली वडिलांबरोबर आर्सेनलचा सामना पाहतो आणि कायमचा त्या क्लबाचा होतो. उपनगरातील मुळे नसलेल्या जीवनाला त्यामुळे उत्तर लंडनचे एक उसने कूळ लाभते, आणि या उसनेपणाची लाजही हॉर्नबी लपवत नाहीत. तथापि १९५३ नंतर त्या दिवसापर्यंत आर्सेनलने एकही मोठी स्पर्धा जिंकलेली नव्हती. यशाची ओढ हे या निवडीचे कारण असू शकत नाही. शिवाय आर्सेनल स्वतःच स्थलांतरित आहे. वुलिच येथील शस्त्रनिर्मिती कारखान्याच्या कामगारांनी १८८६ साली स्थापलेला हा क्लब १९१३ मध्ये थेम्स ओलांडून हायबरीस आला. पुढे विद्यार्थिदशेत हॉर्नबी केंब्रिज युनायटेड या लहान क्लबाचेही सामने नियमाने पाहतात. इष्टदैवत न सोडता राहत्या गावच्या दैवताला नमस्कार करता येतो, हे या आत्मकथनाचे मर्म आहे.

५. तौलनिक अभ्यासाशी संबंध

पास्काल काझानोव्हा यांनी १९९९ साली मांडलेल्या जागतिक साहित्य-प्रजासत्ताकाच्या कल्पनेत प्रतिष्ठेचे भांडवल काही केंद्रांत साठते आणि परिघावरील लेखकाला त्या केंद्राच्या मान्यतेची गरज भासते. प्रीमियर लीगची रचना याहून फारशी भिन्न नाही. मराठीतील देशीवादाने उपस्थित केलेला प्रश्नही याच जातीचा आहे. मार्गी परंपरेकडे ओढल्या जाणाऱ्या वाचकाला देशी साहित्याचे काही देणे लागते काय, असा तो प्रश्न होय.

साम्याला मर्यादाही आहेत. वाचक तुकाराम आणि टॉल्स्टॉय एकत्र वाचू शकतो. दोन संघ समोरासमोर आले, की पाठीराख्याला बाजू घ्यावी लागते. परंतु अशी गाठ क्वचित पडते. कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर खेळतात आणि पेठ आपल्या संघामागे उभी राहते. विश्वचषकाच्या काळात त्याच पेठांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडेही लागतात. तेथे दुसरी निष्ठा पहिलीची जागा घेत नाही.

म्हणून मराठीतील दोन शब्दांचा भेद जपणे उपयुक्त ठरेल. चाहता होण्यास आवड पुरते. पाठीराखा या शब्दात राखण्याची क्रिया आहे, आणि राखावे लागते ते दुर्बळाला. दूरच्या विजयी क्लबाचा चाहता कोणीही व्हावे, त्यात दोष नाही. मात्र त्या क्लबाला राखणारे पुष्कळ असतात. गावचा संघ, बोली किंवा लहान भाषेतील साहित्य यांना राखणारे मोजकेच असतात, आणि त्यांतील एक कमी झाला तरी ती उणीव जाणवते. दूरच्या केंद्राचा चाहता होऊनही जवळच्याची पाठ राखली जाते की नाही, हा निष्ठेचा खरा निकष मानावा लागेल.