जबड्याचे हाड एक की दोन?

बकरी ईदच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बहुतेक घरांत मुंडी-पाये शिजतात. मंद आचेवर चांगली शिजलेली मुंडी ताटात आली की घरातले एखादे पोर बकऱ्याचा खालचा जबडा हातात घेते. थोडा ताण दिला की तो पुढच्या बाजूने, जिथे खालचे दात असतात तिथे, अलगद सुटतो आणि दोन तुकडे हातात येतात. खाटकाने तिथे सुरा घातलेला नसला तरी असे होते. मग एखादे चौकस मूल विचारते, "आपलाही जबडा असाच दोन हाडांचा असतो का?"

मोठी माणसे बहुधा म्हणतात, "गप जेव." पण हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही. जवळजवळ हजार वर्षे जगातले मोठमोठे हकीम याच प्रश्नाचे चुकीचे उत्तर देत आले होते. ते उत्तर दुरुस्त केले बगदादच्या एका मुस्लिम आलिमाने, आणि तेही एका भयंकर दुष्काळात. त्यांची हकिकत आपल्या घराघरांत माहीत असायला हवी असे आम्हाला वाटते.

वुजू करताना हाताला लागणारी हाडे

आधी आपला चेहरा कशाचा बनला आहे ते पाहू. त्यासाठी पुस्तक उघडण्याची गरज नाही. आपण दिवसातून पाच वेळा वुजू करतो, तेव्हा चेहऱ्याच्या बहुतेक हाडांपर्यंत आपला हात किंवा पाणी पोहोचतेच.

पहिल्यांदा आपण गुळणी करतो. तोंडातले पाणी वर ज्या कडक छताला लागते ती टाळू. तिचा पुढचा मोठा भाग वरच्या जबड्याच्या हाडांचा आणि मागचा लहान भाग टाळूच्या हाडांचा असतो. वरचा जबडा एकसंध वाटला तरी तो डावे आणि उजवे अशी दोन हाडे मधोमध जुळून झालेला आहे. टाळूची हाडेही दोन. जिभेचे टोक टाळूच्या मधोमध फिरवले तर बऱ्याच जणांना तिथे एक बारीक उंचवटा जाणवतो. डावी आणि उजवी बाजू जिथे जुळली ती हीच रेघ.

मग नाकात पाणी घेतो. नाकाच्या आत दोन्ही बाजूंना शिंपल्यासारखे वळलेले एक-एक पातळ हाड असते. आत येणारी हवा त्याच्यावरून जाताना गरम आणि ओलसर होते. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याचा पुढचा भाग कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा असतो. मागच्या खालच्या भागाला मात्र नांगराच्या फाळासारखे एक पातळ हाड आधार देते.

आता ओंजळीने चेहरा धुतो. नाकाच्या वरच्या टोकाशी, जिथे चष्मा टेकतो, तिथे नाकाची दोन छोटी हाडे आहेत. खालचा लवचिक भाग कूर्चेचा. डोळ्याखालून बाजूला सरकत गेलो की गालाची हाडे लागतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात नखाएवढे, कागदासारखे पातळ असे अश्रूंचे हाड असते. त्याच्या खोबणीतून अश्रूंची नळी नाकात उतरते. म्हणूनच दुआ मागताना डोळे भरून आले की नाकही वाहू लागते.

शेवटी हात हनुवटीवर येतो. हा खालचा जबडा. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडा आणि मिटा, सांधा हलताना लागेल. डोक्याच्या कवटीत सांध्यावर हलणारे हाड हे एवढेच. आपले बोलणे, जेवणे आणि तिलावत सारे याच्यावर चालते.

हिशेब करू. वरचा जबडा, गाल, नाक, अश्रू, टाळू आणि नाकातले वळलेले हाड ही प्रत्येकी दोन, म्हणजे १२. नाकाच्या पडद्याचे एक आणि खालच्या जबड्याचे एक. एकूण १४. सजद्यात नाकाबरोबर जमिनीला टेकणारे कपाळ मात्र यात धरत नाहीत. ते मेंदूभोवतीच्या आठ हाडांपैकी एक आहे.

म्हणजे मुलाच्या प्रश्नाचे उत्तर असे, की मोठ्या माणसाचा खालचा जबडा एकाच हाडाचा असतो. मग हजार वर्षे तो दोन हाडांचा का समजला गेला?

जालीनूसचा शब्द

ज्याला अरब जालीनूस म्हणत, तो हकीम गॅलन दुसऱ्या शतकातला. आजच्या तुर्कस्तानात जन्मला आणि रोममध्ये नावारूपाला आला. त्याचे वैद्यकीय ज्ञान अफाट होते. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे ग्रंथ अरबीत आणले आणि मुस्लिम जगातले सारे हकीम ते शिकू लागले. खालचा जबडा दोन हाडांचा असून ती हनुवटीशी घट्ट जुळलेली असतात, असे गॅलनने लिहिले होते. इब्न सीना यांच्या 'अल्-कानून'मध्येही तेच आले.

एवढा मोठा हकीम चुकला कसा? रोममध्ये माणसाच्या मृतदेहाची चिरफाड होत नसे. गॅलनने माकडे, डुकरे, बकऱ्या असे प्राणी चिरून अभ्यास केला. बकरी, गाय, कुत्रा यांच्या जबड्याचे दोन भाग मोठेपणीही बहुधा पूर्ण एकजीव होत नाहीत. आपल्या ताटातला जबडा सुटतो तो यामुळेच. जन्मलेल्या बाळाचा जबडाही दोन भागांचाच असतो. ते भाग साधारण पहिल्या वर्षात हनुवटीशी जुळून एक होतात, आणि मोठेपणी तिथे वेगळी करता येईल अशी सांध उरत नाही.

मक्सची टेकडी

अब्दुल लतीफ अल्-बगदादी यांचा जन्म ११६२ मध्ये बगदादचा. हदीस, फिकह, अरबी भाषा आणि वैद्यक असे सर्व शिकून ते इल्मच्या शोधात गावोगाव फिरले. सुलतान सलाहुद्दीन यांची भेट झाली. पुढे ते काहिरात राहिले आणि अल्-अजहरमध्ये शिकवू लागले.

१२०० मध्ये नाईल नदीला पूर फारच कमी आला. मिसरची सारी शेती त्या पुरावर. पाठोपाठ दुष्काळ आला आणि पुढच्या वर्षी साथही. खेड्यांतून माणसे शहराकडे धावली आणि रस्त्यांतच पडली. ज्यांना कफन मिळाले आणि सरकारी दफ्तरात ज्यांची नोंद झाली अशांचाच आकडा काहिरात २२ महिन्यांत जवळजवळ १ लाख ११ हजार झाल्याचे बगदादींनी लिहून ठेवले आहे. ज्यांची नोंदच झाली नाही त्यांचा हिशेब कोणाकडे असणार?

त्या दिवसांत त्यांच्याकडे काही विद्यार्थी वैद्यक शिकत होते. गॅलनचा शरीररचनेचा ग्रंथ चालू होता, पण हाडांचे वर्णन नुसते वाचून विद्यार्थ्यांना उमजेना आणि बगदादींना समजावता येईना. तेवढ्यात कळले की काहिराच्या पश्चिमेला मक्स येथे एका टेकडीवर मानवी सांगाड्यांचा खच पडला आहे. ते विद्यार्थ्यांना घेऊन तिथे गेले. वीस हजार किंवा त्याहून जास्त माणसांचे ते अवशेष असावेत, असा त्यांचा अंदाज होता.

आम्हाला या ठिकाणी थोडे थांबावेसे वाटते. मेलेल्याचे हाड मोडणे हे जिवंताचे हाड मोडण्यासारखेच आहे, अशी पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. बगदादी हाडे फोडायला गेले नव्हते. जे उघड्यावर पडले होते ते त्यांनी पाहिले, आणि त्यातून जिवंतांच्या कामी येईल असे इल्म उचलले. आज आपली मुले-मुली नीट देऊन डॉक्टर किंवा दंतवैद्य होण्यासाठी जातात आणि पहिल्याच वर्षी त्यांच्या हातात कवटी येते. ती कवटीही कोणाच्या तरी बापाची, कोणाच्या तरी बहिणीची असते. तिला अदबीने हात लावावा, एवढे तरी आपण मुलांना घरूनच सांगून पाठवावे.

मक्सच्या टेकडीवर बगदादींनी जबडे पाहिले. एकाही जबड्याला हनुवटीशी सांध दिसली नाही. एक-दोन नव्हे, दोन हजारांहून जास्त कवट्या त्यांनी तपासल्या. तेवढ्यावरही समाधान झाले नाही. इतरांनाही त्यांनी पाहायला सांगितले, काहींनी त्यांच्यासमोर पाहिले, काहींनी ते नसताना. सगळ्यांचे उत्तर एकच होते: हाड एक आहे.

मग त्यांनी ते लिहिले. लिहिताना गॅलनची थट्टा केली नाही. तो बारकाईने पाहणारा मोठा माणूस होता, हे आधी मान्य केले, आणि तरीही डोळ्यांची साक्ष त्याच्या शब्दापेक्षा जास्त भरवशाची आहे, असे नम्रपणे मांडले. उस्तादाचा आदरही राहिला आणि खरेही झाकले गेले नाही. आमच्या मते या हकिकतीतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

पुढे काय झाले?

दुर्दैवाने ही दुरुस्ती वैद्यकाच्या ग्रंथात गेली नाही. ती राहिली मिसरचे हवामान, प्राणी, इमारती आणि दुष्काळ यांवरच्या त्यांच्या 'अल्-इफादा वल्-इतिबार' या छोट्या पुस्तकात. हकिमांनी ते फारसे वाचले नाही आणि मदरशांत दोन हाडांचाच धडा चालू राहिला. बगदादी १२३१ मध्ये आपल्या जन्मगावी अल्लाहला प्यारे झाले. पुढे १५४३ मध्ये युरोपात वेसालिअसने आपल्या प्रसिद्ध ग्रंथात जबडा एक हाडाचा असल्याचे दाखवले, तेव्हा युरोपातल्या वैद्यकाची समजूत बदलत गेली. बगदादींच्या पुस्तकाचे हस्तलिखित सतराव्या शतकात ऑक्सफर्डला पोहोचले होते. ते १८०० मध्ये लॅटिन भाषांतरासह छापले गेले आणि १८१० मध्ये त्याचे फ्रेंच भाषांतर निघाले.

"आमच्या लोकांनी आधी शोधले" असे म्हणून छाती फुगवणे सोपे आहे. पण सव्वातीनशे वर्षांहून अधिक काळ ते आपल्याच लोकांनी उघडून पाहिले नाही, हेही तितकेच खरे. शोध लागला तरी तो वाचला, शिकवला आणि पुढे नेला नाही, तर तो टेकडीवरच्या हाडांसारखा पडून राहतो.

आपल्या घरातले 'जालीनूस'

हे सारे आठशे वर्षांपूर्वीचे झाले, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. चेहऱ्याच्या हाडांबद्दल ऐकीव गोष्ट आजही आपल्या घरांत नांदते आहे आणि तिची झळ सुनांना बसते आहे, म्हणून हे लिहिले.

आईच्या पोटात बाळाचा चेहरा दोन्ही बाजूंनी वाढत येऊन मधोमध जुळतो. ओठ साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात आणि टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यात तयार होते. ही जुळणी कुठे अपुरी राहिली तर मूल फाटलेल्या ओठाचे किंवा दुभंगलेल्या टाळूचे जन्मते. असे मूल जन्मले की घरात कुजबुज सुरू होते, "ग्रहणात हिने सुरी हातात धरली असेल." बिचारी आई आयुष्यभर तो बोल सोसते.

पैगंबर (स.) यांचे लहानगे साहेबजादे इब्राहीम वारले त्या दिवशी सूर्याला ग्रहण लागले. लोक म्हणू लागले की या मृत्यूमुळेच ग्रहण लागले. स्वतःच्या दुःखाच्या त्या घडीलाही पैगंबर (स.) यांनी लोकांना समजावले की सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मरण्या-जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. हे माहीत असूनही आपण ग्रहणाचा दोष गरोदर बाईच्या माथी मारावा का?

दुभंग कधी घराण्यातून येतो. आईचे धूम्रपान, गरोदरपणाआधीचा मधुमेह आणि फिटीची काही औषधे यांनी त्याचा धोका वाढतो. पुष्कळदा नेमके कारण सापडतच नाही. (फिटीचे औषध चालू असेल तर ते मनाने बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे.) पण उपाय मात्र आहे. ओठाची शस्त्रक्रिया पहिल्या वर्षात, बहुधा पहिल्या काही महिन्यांतच करतात आणि टाळूची साधारण दीड वर्षाच्या आत. टाळूला उशीर झाला तर बोलणे अस्पष्ट राहू शकते. तोवर बाळाला दूध ओढता येत नसेल तर कसे पाजावे हे डॉक्टर किंवा परिचारिका दाखवतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा आजार आहे आणि त्याखाली उपचार मोफत होतात. अंगणवाडीत किंवा सरकारी दवाखान्यात चौकशी करावी.

आपल्या बडी अम्मी, खाला, फुफी यांचा मान आपण राखलाच पाहिजे. त्यांनी प्रेमापोटीच सांगितलेले असते. बगदादींनीही गॅलनचा मान राखला होता. पण मान राखायचा म्हणून एका निरपराध आईला दोषी ठरवायचे, हे आपल्या दीनमध्ये बसत नाही.

आणि पुढच्या ईदला पोराने जबडा हातात घेऊन प्रश्न विचारला, तर त्याला गप्प बसवू नका. त्याचे बोट त्याच्याच हनुवटीवर ठेवा आणि म्हणा, "तूच चाचपून पाहा, आणि मग मला सांग."