भूगोलाच्या पाच मूलसंकल्पना : वणी परिसराच्या आधारे परिचय

उद्दिष्टे

या पाठाच्या अध्ययनानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील :

१. भूगोलाच्या पाच मूलसंकल्पना स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करणे.
२. या संकल्पना एखाद्या परिचित गावाला लावून पाहणे.
३. प्रदेशाच्या सीमा कसोटीनुसार का बदलतात, हे उदाहरणासह सांगणे.

१. प्रस्तावना

भूगोल म्हटले की आपल्यापैकी अनेकांना शाळेतील नकाशावही, राजधान्यांची यादी आणि नद्यांच्या लांबीचे आकडे आठवतात. ही माहिती निरुपयोगी नाही. परंतु ती भूगोलाची सामग्री आहे, भूगोल नव्हे. भूगोल मुख्यतः दोन प्रश्न विचारतो : एखादी गोष्ट कोठे आहे, आणि ती तेथेच का आहे? या प्रश्नांची पद्धतशीर मांडणी करता यावी म्हणून १९८४ साली अमेरिकेतील भूगोल-अध्यापक व भूगोलतज्ज्ञ यांच्या दोन राष्ट्रीय संघटनांनी पाच मूलसंकल्पना सुचविल्या. स्थान, स्थळ, मानव-पर्यावरण आंतरक्रिया, संचार आणि प्रदेश अशी त्यांची नावे मराठीत देता येतील.

मराठीच्या विद्यार्थ्याला या संकल्पनांचे काय प्रयोजन, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकतो. बोली कोठे बदलते, कथेतील गाव बागायती आहे की कोरडवाहू, लोकगीतातील देवीला कोणत्या वाटेने लोक जातात, हे प्रश्न भाषेचे आणि साहित्याचे आहेत. त्यांची उत्तरे मात्र भूगोलाला वगळून देता येत नाहीत. म्हणून या पाठात नाशिक जिल्ह्यातील वणी हे एकच गाव घेऊन पाचही संकल्पनांचा परिचय करून घेऊ.

२. स्थान

‘कोठे?’ या प्रश्नाचे उत्तर दोन प्रकारे देता येते. अक्षांश-रेखांशांनी सांगितलेले ते निरपेक्ष स्थान. वणी सुमारे २० अंश २० मिनिटे उत्तर अक्षांशावर आणि ७३ अंश ५३ मिनिटे पूर्व रेखांशावर आहे. इतर ठिकाणांच्या संबंधाने सांगितलेले ते सापेक्ष स्थान. वणी नाशिकच्या उत्तरेस सुमारे ४० किलोमीटरवर, दिंडोरी तालुक्यात, सातमाळा डोंगररांगेच्या दक्षिण पायथ्याशी आहे. नाशिकहून कळवणकडे जाणारा आणि गुजरातेतून सापुताऱ्यामार्गे येणारा असे दोन रस्ते येथे एकत्र येतात.

निरपेक्ष स्थानाची गरज का भासते, हे वणीच्याच नावावरून समजते. महाराष्ट्रात वणी नावाचे दुसरे मोठे गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे. नाव एक, अक्षांशही जवळजवळ एकच. रेखांशात मात्र सुमारे ५ अंशांचा फरक आहे. पृथ्वीला १ अंश फिरण्यास ४ मिनिटे लागतात. त्यामुळे विदर्भातील वणीत सूर्य माथ्यावर आल्यानंतर नाशिककडील वणीत तो माथ्यावर येण्यास सुमारे २० मिनिटे लागतात. घड्याळ दोन्हीकडे सारखे असते, कारण भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व या एकाच रेखांशावरून ठरते.

३. स्थळ

स्थान सांगितले तरी गाव कसे आहे, हे कळत नाही. एखाद्या ठिकाणाला वेगळेपण देणाऱ्या नैसर्गिक आणि मानवी वैशिष्ट्यांचा विचार ‘स्थळ’ या संकल्पनेत होतो. वर उल्लेखिलेल्या दोन वणींचीच तुलना करू. विदर्भातील वणीच्या परिसरात भूगर्भात कोळसा आहे. तेथे खाणी आहेत आणि रानात कापूस आहे. नाशिककडील वणी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या पाषाणावर वसली आहे. लाव्हारसाचे थर एकावर एक साचले, म्हणून सातमाळेचे कडे पायऱ्यापायऱ्यांसारखे दिसतात. उतारावर मुरूम आणि खाली सपाटीला काळी जमीन, असा क्रम येथे आढळतो.

मानवी वैशिष्ट्यांत वणीची सर्वांत मोठी ओळख म्हणजे सप्तशृंगी देवी. ‘सप्तशृंग’ म्हणजे सात शिखरे. देवीचे नाव हेच मुळी भूरूपाचे वर्णन आहे. लोकव्यवहारात आपण ‘वणीची देवी’, ‘वणीचा गड’ असे म्हणतो. प्रत्यक्षात वणी दिंडोरी तालुक्यात आहे, तर गड कळवण तालुक्यात. नकाशाने वेगळ्या केलेल्या दोन गोष्टी लोकांनी नावाने एकत्र ठेवल्या आहेत. स्थळाचा अभ्यास करताना केवळ जमीन पाहून भागत नाही. त्या जमिनीला लोक काय म्हणतात, हेही पाहावे लागते.

४. मानव-पर्यावरण आंतरक्रिया

मनुष्य पर्यावरणावर अवलंबून असतो, त्याच्याशी जुळवून घेतो आणि त्यात बदलही घडवितो. या तिन्ही गोष्टी वणी परिसरातील द्राक्षबागेत एकत्र दिसतात. द्राक्षवेल मुळात थंड हिवाळ्याच्या प्रदेशातील आहे. तेथे हिवाळ्यात ती पानगळ होऊन विश्रांती घेते आणि वर्षातून एकदाच छाटली जाते. आपल्याकडे तशी थंडी नसल्याने वेल वर्षभर हिरवी राहते. म्हणून शेतकरी तिची दोनदा छाटणी करतो : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. पहिलीने काडी तयार होते, दुसरीने घड बाहेर पडतो. ऋतूने जे केले नाही ते येथे कात्रीने करून घेतले जाते. हे जुळवून घेणे झाले.

जुळवून घेण्यालाही मर्यादा असतात. फुलोऱ्याच्या वेळी सलग धुके पडले, तयार घडावर अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली, तर वर्षाची मेहनत दोन दिवसांत जाते. अवलंबन संपलेले नाही, याची आठवण त्यातून राहते.

पर्यावरणात बदल घडविण्याचे उदाहरण म्हणजे पाणी. दिंडोरी तालुक्याच्या पश्चिमेस सह्याद्रीलगत पाऊस भरपूर पडतो आणि पूर्वेकडे, निफाड-येवल्याच्या दिशेने, तो झपाट्याने कमी होतो. हा असमतोल भरून काढण्यासाठी करंजवण, वाघाड, ओझरखेड, पुणेगाव अशी धरणे बांधली गेली. वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांनी कालव्याच्या पाण्याचे व्यवस्थापन स्वतःकडे घेतले. महाराष्ट्रात सिंचन-सहभागाचे उदाहरण म्हणून त्याचा उल्लेख होतो. मांजरपाडा योजनेत तर गुजरातकडे वाहणाऱ्या पार नदीच्या खोऱ्यातील पाणी बोगद्याने पुणेगावकडे वळविले आहे. जलविभाजकाने ठरविलेली पाण्याची दिशा माणसाने येथे बदलली.

५. संचार

माणसे, वस्तू आणि कल्पना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणे म्हणजे संचार. कोणतेही गाव एकटे नसते, हे या संकल्पनेचे सार होय.

चैत्र पौर्णिमेच्या यात्रेसाठी खानदेशातून हजारो भाविक पायी गडावर येतात. त्यांच्याबरोबर गाणी, बोली, नवस आणि सोयरिकी येतात. वस्तूंचा संचार उलट दिशांनीही चालतो : येथील टोमॅटो व कांदा पिंपळगाव बसवंतच्या बाजारात जातो, द्राक्षे समुद्रापलीकडे. बागेतील ‘थॉम्पसन सीडलेस’ या वाणाचे मूळ पश्चिम आशियात आहे. त्याचे नाव कॅलिफोर्नियातील विल्यम थॉम्पसन यांच्यावरून पडले आणि ते नाव घेऊनच ते आपल्याकडे रुजले.

डोंगर संचाराला अडवितो आणि वाटही दाखवितो, कारण रांग ओलांडावयाची तर खिंडीतूनच जावे लागते. ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेहून परतणाऱ्या शिवाजी महाराजांच्या सैन्याची मोगल सरदार दाऊदखानाशी वणी-दिंडोरीच्या परिसरात लढाई झाली. बागलाणातून देशावर उतरणाऱ्याची वाट सातमाळेच्या खिंडीतून जाते, हे दोन्ही पक्षांना ठाऊक होते. इतिहासातील लढायांची ठिकाणे अशी पुष्कळदा भूरचनेने ठरविलेली असतात.

६. प्रदेश

एखाद्या समान वैशिष्ट्याच्या आधारे एकत्र धरलेला भूभाग म्हणजे प्रदेश. ही संकल्पना सोपी वाटते. प्रत्यक्षात पाचांपैकी सर्वाधिक विचार हिच्याच बाबतीत करावा लागतो. वणी कोणत्या प्रदेशात येते?

प्रशासनाच्या कसोटीवर ती दिंडोरी तालुक्यात, नाशिक जिल्ह्यात येते. पाण्याच्या कसोटीवर सातमाळेचा माथा ही सीमा ठरते. माथ्याच्या दक्षिणेला पडलेला पाऊस कादवेतून गोदावरीत आणि अखेर बंगालच्या उपसागरात जातो. उत्तरेला पडलेला गिरणेतून तापीत आणि अरबी समुद्रात. भाषेच्या कसोटीवर चित्र आणखी वेगळे दिसते : कळवण-बागलाणकडे अहिराणीचा प्रभाव वाढत जातो, दक्षिणेकडे देशावरची मराठी आणि पश्चिमेच्या पाड्यांवर कोकणा व भिल्ल समाजांच्या बोली ऐकू येतात. तालुक्याची सीमा दगडाने दाखविता येते, पाण्याची डोंगरमाथ्याने. बोलीची सीमा मात्र रेघ नसून पट्टा असतो. त्या पट्ट्यातील माणसे दोन्ही बोली समजतात आणि प्रसंगानुसार दोन्ही वापरतात.

म्हणजे प्रदेश जमिनीवर तयार सापडत नाही. आपण विचारलेल्या प्रश्नानुसार तो ठरतो. हा केवळ वर्गातील मुद्दा नाही. महाराष्ट्रात २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने खोऱ्यातील पाण्याच्या समन्यायी वाटपाचे तत्त्व स्वीकारले. त्यानुसार टंचाईच्या वर्षी नाशिक भागातील धरणांतून पैठणच्या जायकवाडीसाठी पाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहतो. ‘आमच्या तालुक्यात पडलेले पाणी आमचे’ असे म्हणणारा शेतकरी प्रशासकीय प्रदेश गृहीत धरतो. ‘गोदावरीचे पाणी खोऱ्यातील सर्वांचे’ असे म्हणणारा मराठवाड्यातील शेतकरी नदीखोरे हा प्रदेश मानतो. दोघांचीही गरज खरी आहे. वादाच्या मुळाशी पाण्याची कमतरता आहेच, पण प्रदेश कोणता धरावयाचा याविषयीचा मतभेदही आहे. तो ओळखता आला तर चर्चा आरोपांच्या पलीकडे जाऊ शकते.

७. सारांश

स्थान ‘कोठे’ हे सांगते. स्थळ ‘कसे’ हे सांगते. मानव-पर्यावरण आंतरक्रिया माणूस आणि निसर्ग यांच्यातील देवघेव दाखविते, संचार गावाला जगाशी जोडतो आणि प्रदेश या सर्वांना एका चौकटीत बसवितो. ती चौकट आपण निवडलेली असते, याचे भान ठेवणे महत्त्वाचे आहे. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला येथे एक लाभ आहे. आपल्यापैकी कोणी शेती करतात, कोणी एसटीत वाहक आहेत, कोणी अंगणवाडीत काम करतात. आपापल्या कामामुळे यांपैकी एखाद्या संकल्पनेचा अनुभव आपणांस पुस्तकाआधीच आलेला आहे. त्याला शास्त्रीय नाव देणे एवढेच बाकी आहे.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. निरपेक्ष आणि सापेक्ष स्थान यांतील फरक आपल्या गावाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. ‘वणीचा गड’ या शब्दप्रयोगातून स्थळ या संकल्पनेविषयी काय लक्षात येते?
३. बोलीची सीमा रेघेसारखी नसून पट्ट्यासारखी असते, या विधानाची चर्चा करा.

क्षेत्रकार्य

आपल्या गावात पडलेला पाऊस कोणत्या ओढ्यातून, नदीतून आणि अखेर कोणत्या समुद्रात जातो, त्याचा मार्ग काढा. त्या मार्गावरील धरणे व गावे यांची नोंद करा. गावातील शेतांची, टेकड्यांची आणि वाटांची स्थानिक नावे वृद्धांना विचारून लिहून घ्या. त्यांपैकी किती नावे जमिनीचे वर्णन करतात, ते पाहा.