एक ‘अजून’, इंग्रजी शब्द दोन

उज्जैनच्या मराठी मुलाच्या कानावर घरी मराठी, बाजारात हिंदी व माळवी आणि शाळेत इंग्रजी पडते. तरीही ‘अजून’ हा साधा शब्द इंग्रजीत नेताना तो अडखळतो. कारण तेथे त्याच्या जागी ‘स्टिल’ आणि ‘येट’ असे दोन शब्द उभे असतात.

‘स्टिल’ हा पूर्वीची स्थिती टिकून असल्याचे सांगतो. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात उज्जैनला वेधशाळा उभारली. तेथील सम्राट यंत्राच्या सावलीवरून वेळ अजून पाहता येते. हा ‘अजून’ म्हणजे ‘स्टिल’. ‘येट’ची दृष्टी मात्र पुढे असते. जे व्हावयाचे ते झालेले नाही, पण त्याची वाट पाहणे चालू आहे, असा त्याचा भाव. २०१६ नंतरचा सिंहस्थ २०२८ सालचा. ते साल उजाडेपर्यंत ‘सिंहस्थ अजून आला नाही’ असेच आपण म्हणणार. हा ‘अजून’ म्हणजे ‘येट’. म्हणून ‘येट’ मुख्यतः नकारात व प्रश्नात येतो आणि बहुधा वाक्याच्या शेवटी बसतो. ‘स्टिल’ क्रियापदाच्या जवळ राहतो.

हिंदी जाणणारा म्हणेल, ‘अब भी’ म्हणजे ‘स्टिल’ आणि ‘अभी तक’ म्हणजे ‘येट’. हा आधार काही अंतरापर्यंतच पुरतो. ‘वह अभी तक सो रहा है’ असेही लोक बोलतात, आणि तेथे इंग्रजीत ‘स्टिल’च हवा. तेव्हा शब्दाला शब्द न जोडता मनाशी विचारावे : जुने टिकले आहे, की नवे व्हावयाचे आहे?

नकारात मात्र दोन्ही शब्द चालतात, आणि खरी जपणूक तेथेच हवी. शिष्यवृत्तीचे पैसे आले नाहीत, असे विद्यार्थी कचेरीला कळवतो. ‘द मनी हॅज नॉट कम येट’ ही साधी माहिती झाली. ‘द मनी स्टिल हॅज नॉट कम’ यात मात्र ‘किती वाट पाहायची?’ अशी कुरकुर उमटते. मराठीत ‘अजून’वर जोर देऊन हा फरक आपण आवाजानेच दाखवतो, पण कागदाला आवाज नसतो. तेथे शब्दाची निवडच बोलते, आणि विनंतीची तक्रार व्हावयास एवढे पुरते.

शिंद्यांची राजधानी १८१० साली उज्जैनहून ग्वाल्हेरला गेली. तरी उज्जैनच्या कित्येक घरांत मराठी अजून बोलली जाते. या ‘अजून’ला कोणता इंग्रजी शब्द योजावा, हे आता श्रोत्यांनीच ठरवावे.